बसायला घाबरतेस, मग चालवणार काय?

पत्र : मी १९ वर्षांची आहे, गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन शिकतेय. मला पायलट व्हायचंय हे घरात सगळ्यांना पाठ झालंय. गेल्या महिन्यात आईबरोबर विमानानं गेले. वाटेत अर्धा तास विमान इतकं हादरत होतं की खिडकीतून पंख वरखाली होताना दिसत होता. उतरताना धावपट्टी अगदी हाताशी आली आणि एकदम इंजिनं गरजली, नाक वर झालं आणि आम्ही परत ढगात! पुढची पाच-सात मिनिटं कॉकपिटमधून एक शब्द नाही. मी खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटून बसले होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "बसायला घाबरतेस, मग चालवणार काय?" त्यातून मला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे २.२५. एक प्रशिक्षण संस्था म्हणते, महिनाअखेरपर्यंत पूर्ण फी एकरकमी भरली तर मोठी सवलत देऊ. भरू का? आणि दोन्ही इंजिनं बंद पडली तर काय होतं, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. जाता जाता आईचाही एक प्रश्न : उतरताना तिच्या कानात कळा येतात, काही उपाय आहे का?
– खिडकीकडची

प्रिय 'खिडकीकडची',

आईचा टोमणा आधी निकालात काढू. गाडीत मागच्या सीटवर बसलं की ज्यांना मळमळतं, त्यातल्या बऱ्याच जणांना स्वतः गाडी चालवताना काहीच होत नाही. वळण कधी येणार, ब्रेक कधी लागणार, हे त्यांना आधी कळलेलं असतं. विमानात हा फरक आणखी मोठा. प्रवाशाच्या खुर्चीतून पुढचं काही दिसत नाही, समोर उपकरणं नाहीत, बाहेर ढग असले की क्षितिजही नाही. उरतात कान आणि पोट, आणि हवेत या दोघांची साक्ष साफ खोटी असते. आतल्या कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. तोही कळतो तो चुकीच्या अर्थानं. प्रशिक्षणार्थीला ढगात उडायला शिकवताना पहिला धडा हाच असतो की शरीर सांगेल ते ऐकू नकोस, काटे सांगतील ते ऐक. म्हणजे त्या दिवशी तुझं जे झालं ते भित्रेपणामुळे झालं नाही. काय चाललंय हे कोणी सांगत नव्हतं, म्हणून झालं. ते सांगून टाकतो.

पंखापासून सुरुवात करू. पंख हलताना दिसला याचा अर्थ तो त्याचं काम करत होता. ताठ पंख झटका जसाच्या तसा तुझ्या खुर्चीपर्यंत पोचवेल. लवणारा पंख तो वाटेत पिऊन टाकतो. प्रवासी विमानाच्या सांगाड्याला २.५ जी इतका भार कायमची वाकण न येता सोसावा लागतो. तुझं वजन ५० किलो असेल तर त्या क्षणी ते १२५ किलो जाणवेल, एवढा हा भार. त्याच्याही दीडपट भाराखाली सांगाडा किमान तीन सेकंद तुटता कामा नये, ही वरची अट. बोईंग ७७७ चा पंख १९९५ मध्ये चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत ओढला, तेव्हा तो ठरलेल्या मर्यादेच्या १५४ टक्क्यांवर मोडला. ७८७ च्या पंखाचं टोक २०१० च्या चाचणीत सुमारे २५ फूट वर उचललं गेलं. तुला खिडकीतून दिसलं ते फार तर दोन-चार फूट असेल.

हादऱ्यांना वैमानिकांच्या भाषेत प्रतवारी असते : हलका, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र. ती ओळखायची सोपी खूण आहे. हलक्यात पेल्यातलं पाणी डुचमळतं, मध्यममध्ये चालणं कठीण होतं आणि मोकळ्या वस्तू जागा सोडतात, तीव्रमध्ये माणूस पट्ट्याविरुद्ध आपटतो आणि न बांधलेलं सगळं हवेत जातं. तुझ्या वर्णनावरून ते फार फार तर मध्यम होतं. अशा वेळी "विमान हजार फूट खाली पडलं" असं लोक घरी येऊन सांगतात, पण उंचीच्या काट्यावर तो फरक बहुतेकदा काही थोड्या फुटांचाच असतो. पोटात गोळा येतो तो पडण्याच्या अंतरामुळे येत नाही, खाली जाण्याचा वेग अचानक बदलल्यामुळे येतो.

हादरे गंमत म्हणून घ्यावेत असं मात्र कोणी सांगू नये. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं एक बोईंग ७७७ म्यानमारवर अशा हवेत सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. त्याच्या प्राथमिक तपासातला आकडा लक्षात ठेव : विमान खाली आलं ते १७८ फूट, ४.६ सेकंदांत. तेवढ्या वेळात भार अधिक १.३५ जीवरून उणे १.५ जीवर आणि पुन्हा अधिक १.५ जीवर गेला. उणे म्हणजे खुर्ची खाली निघून जाते आणि माणूस छताला लागतो. सांगाडा टिकला, विमान बँकॉकला नीट उतरलं. इजा झाली ती प्रामुख्यानं पट्टा न बांधलेल्यांना. म्हणून पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा काढायचा नाही. ओटीपोटावर, मांड्यांच्या सांध्याशी, खाली आणि घट्ट. पोटावर सैल बांधलेला पट्टा शोभेचा. सगळ्यात कमी हादरणारी जागा पंखाच्या आसपासची, सगळ्यात जास्त शेपटीकडची.

कॉकपिटमध्ये त्या अर्ध्या तासात काय चाललं असेल? वेग ठरावीक आकड्यावर आणलेला असतो. फार वेगात झटका जोरात बसतो आणि फार हळू गेलं तर पंखांची उचल सुटायचा धोका, म्हणून प्रत्येक विमानाला मधला एक वेग नेमून दिलेला असतो. वाहतूक नियंत्रकाला विचारून दुसरी उंची मागितलेली असते, कारण हादऱ्याचा थर पुष्कळदा दोन-चार हजार फूट जाडीचाच असतो. पुढच्या विमानांकडून "वर कसं आहे?" ही चौकशी चालू असते. रडारवर दिसतं ते पाणी : पावसाचे थेंब, ओल्या गारा. त्यामुळे वादळी ढग दिसतो आणि त्याला साधारण २० सागरी मैलांचा वळसा घालता येतो. निरभ्र आकाशातला, जेट प्रवाहाच्या, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या, कडेचा खवळलेपणा मात्र रडारला दिसत नाही. म्हणूनच कधी कधी दिवा लागायच्या आधी धक्का येतो.

आता धावपट्टीवरून परत वर जाणं. याला गो-अराउंड म्हणतात, आणि प्रवासी ज्याला "थोडक्यात वाचलो" म्हणतात तो वैमानिकाच्या दृष्टीनं उतरण्याचाच एक पर्याय असतो, दर वेळी आधी तोंडी उजळणी करून ठेवलेला. कारणं साधी असतात. पुढचं विमान धावपट्टीवरून वेळेत बाहेर वळलं नाही. वाऱ्यानं वेग ठरल्यापेक्षा जास्त झाला. ढगात ठरलेल्या उंचीपर्यंत, साध्या उपकरण पद्धतीत जमिनीपासून २०० फुटांपर्यंत, धावपट्टी दिसली नाही. त्याआधीही एक दार असतं : ढगात १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर वेग, उतार, फ्लॅप (पंखामागच्या हलत्या झडपा), चाकं, इंजिनांची ताकद हे सगळं जागच्या जागी नसेल, तर पुढे जायचंच नाही. "बघू, जमेल" म्हणून दामटून उतरणारा वैमानिक धावपट्टीच्या शेवटी सापडतो. वेळेवर वर जाणाऱ्याचं प्रवाशांनी कौतुक करायला हवं, पण त्याच्या वाट्याला येतात शिव्याशाप.

त्या क्षणी काय होतं ते क्रमानं सांगतो. हाकाटी होते, "गो-अराउंड, फ्लॅप्स." इंजिनांच्या ताकदीचे दांडे पुढे जातात, नाक साधारण १५ अंश वर येतं, फ्लॅप एक पायरी आत. उंचीचा काटा वर चढतोय याची दुसऱ्या वैमानिकानं खात्री दिली की चाकं आत. तुला ऐकू आलेली इंजिनांची गर्जना बहुधा याच टप्प्यातली. एकदम वेग वाढला की आतला कान त्याला 'नाक वर' असं समजतो, म्हणून १५ अंशांचा चढ रॉकेटसारखा उभा वाटतो. मग ठरलेल्या दिशेला, ठरलेल्या उंचीवर, टॉवर सोडून दुसऱ्या नियंत्रकाशी संपर्क, इंधनाचा हिशेब आणि दुसऱ्या प्रयत्नाची तयारी. कामाचा क्रम जगभर एकच : आधी विमान उडव, मग मार्ग सांभाळ, मग बोल. प्रवाशांशी बोलणं या रांगेत सगळ्यात शेवटी येतं. ती पाच-सात मिनिटांची शांतता म्हणजे आत दोन माणसं कामात होती. इंधनाची धास्तीही नको. पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढं इंधन आणि त्यावर जेटसाठी आणखी ३० मिनिटांचा शेवटचा साठा धरूनच हिशेब केलेला असतो.

उरलेले आवाज पटकन. उड्डाणानंतर लगेच पायाखाली धप्प : चाकं आत गेली. साधारण १,००० ते १,५०० फुटांवर इंजिनांचा आवाज उतरतो आणि विमान बसल्यासारखं वाटतं. ताकद ठरवून कमी केलेली असते, विमान चढतच असतं. फक्त चढण्याचा दर कमी होतो आणि कानाला ते पडणं वाटतं. एअरबस ए३२० मध्ये जमिनीवर असताना फरशीखालून करवतीसारखा किंवा कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज येतो तो दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधल्या पंपाचा. एका बाजूचा दाब कमी पडला की दुसरीच्या दाबावर तो चालू होतो. उतरताना पंखावर पट्ट्या उभ्या राहतात आणि सगळं थरथरतं ते स्पॉयलर. ओल्या धावपट्टीवर दणकन टेकलं तर ते पुष्कळदा मुद्दाम असतं. हळुवार टेकलं तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतात आणि ब्रेक पकडत नाहीत.

दोन्ही इंजिनांबद्दल. आधी एकाचं बघू, कारण सराव त्याचाच जास्त होतो. दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर उड्डाण पूर्ण करता आलंच पाहिजे. प्रत्येक उड्डाणाआधी वजन, तापमान आणि धावपट्टीची लांबी पाहून एक निर्णय-वेग काढतात. त्याआधी बिघाड झाला तर थांबायचं, त्यानंतर झाला तर उडायचं. विमान कंपनीचे वैमानिक सिम्युलेटरमध्ये वर्षातून दोनदा ही परीक्षा देतात, आणि इंजिन बरोबर सगळ्यात वाईट क्षणी बंद पाडलं जातं. आता दोन्ही. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडत नाही. प्रवासी जेट एक फूट खाली येताना साधारण १५ ते १७ फूट पुढे जातं. म्हणजे ३५,००० फुटांवरून १६० ते १८० किलोमीटर. आणि तू हे दर प्रवासात अनुभवतेस : उतरणीला लागताना इंजिनं बहुतेक वेळ किमान ताकदीवर असतात. वैमानिकांचा ठोकताळाही त्यावरच आहे. हजार फुटांच्या आकड्याला तीननं गुणायचं, तेवढे सागरी मैल आधी उतरणं सुरू करायचं. ३५ गुणिले ३ म्हणजे १०५ सागरी मैल, सुमारे १९५ किलोमीटर. २४ ऑगस्ट २००१ रोजी अटलांटिकवर एका एअरबस ए३३० चं इंधन गळून संपलं. दोन्ही इंजिनं बंद असताना ते सुमारे १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं आणि आतले सगळे ३०६ जण वाचले. डोक्यात ठेवायचाच असेल तर हा आकडा ठेव.

आता तुझा खरा प्रश्न. महिनाअखेरची सवलत विसर. आधी लगीन मेडिकलचं, मग फीचं.

व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आणि ते अधिकृत वैमानिकी तपासणी डॉक्टरच देऊ शकतात. डोळे, कान, हृदयाचा आलेख, रक्त-लघवी, फुप्फुसं, मानसिक आरोग्य, जुने आजार असं सगळं पाहिलं जातं. चष्म्याची काळजी करू नकोस. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे आयकाओचा, निकष चष्म्यासह मोजतात : प्रत्येक डोळ्यानं स्वतंत्रपणे ६/९ किंवा चांगलं, दोन्ही मिळून ६/६ किंवा चांगलं. उणे २.२५ सहसा यात आरामात बसतो. अट एवढीच की उडताना जादा चष्मा हाताशी हवा. लेसर शस्त्रक्रिया करून येण्याची घाई मात्र करू नकोस; ती केली तर नंबर स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं आणि कागद वाढतात.

अडतं ते दुसरीकडेच : रंगदृष्टी. लाल-हिरव्यातला दोष चष्म्यानं जात नाही, आणि पुष्कळांना तो तपासणीच्या टेबलावरच पहिल्यांदा कळतो. पुरुषांत हे प्रमाण बायकांपेक्षा खूप जास्त, पण तपासून घेच. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची रांग असते. दोन पांढरे दोन लाल म्हणजे उतार बरोबर, चारही पांढरे म्हणजे फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली. हे ज्याला वेगळं दिसत नाही त्याच्या हाती विमान कसं द्यायचं? म्हणून क्रम असा : आधी साध्या नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या तक्त्यांवर रंगतपासणी, ती सुटली की पूर्ण पहिल्या श्रेणीची तपासणी. आणि लपवाछपवी नको. दमा, फिट, नैराश्याची औषधं यातलं काही असेल तर लिही. खरं सांगितलं तर पुष्कळदा वाट निघते. लपवलेलं मागाहून सापडलं तर परवानाच जातो.

मेडिकल हाती आलं की एक चाचणी-उड्डाण घे. प्रशिक्षण विमानात प्रशिक्षकाबरोबर अर्धा ते एक तास. सकाळी लवकरची वेळ माग, ऊन चढलं की जमीन तापून हवा उकळू लागते. जायच्या तासा-दोन तासांआधी हलकं खा; उपाशीपोटी मळमळ वाढते. डाव्या खुर्चीत बसून सुकाणू स्वतःच्या हातात घे आणि नजर लांब क्षितिजावर ठेव, उपकरणांवर खिळवू नकोस. लहान विमान जास्त हादरेल, त्याचं साधं गणित आहे. सेस्ना १७२ या लहान प्रशिक्षण विमानाचं पूर्ण वजन सुमारे १,१११ किलो आणि पंखांचं क्षेत्र १६.२ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ६९ किलो. ए३२० मध्ये हेच ७८ टन भागिले १२२.६, म्हणजे सुमारे ६३६ किलो. जेवढं ओझं कमी तेवढा वाऱ्याच्या झुळकीला पंख जास्त नाचणार. पहिल्या काही तासांत ओकारी आली तरी खचू नकोस, बहुतेकांची ती सरावानं जाते. उलटीची गोळी घेऊन मात्र एकटीनं कधी उडू नकोस, त्या गोळ्या झोप आणतात. हातात सुकाणू आल्यावर तुझी भीती कमी होते की वाढते, हे त्या तासात तुला कळेल, आणि आईच्या प्रश्नाचं ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर असेल.

व्यावसायिक परवान्याचे आयकाओचे किमान आकडे : वय १८, एकूण २०० तास, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात १५०. त्यात कमांडर म्हणून, म्हणजे जबाबदारी पूर्णपणे तुझी असताना, १०० तास, अभ्यासक्रमात ७०. किमान ५४० किलोमीटरचा एक लांब प्रवास, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. देशागणिक यात भर पडते, ती तिथल्या नियामकाकडून तपास. इंग्रजीची पातळी ६ पैकी किमान ४ लागते. त्यात उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा गोष्टी पाहतात आणि सगळ्यात कमी गुण जिथे, तीच तुझी पातळी. उच्चाराची ढब चालते. ऐकलेली सूचना चुकीची परत म्हटलेली चालत नाही.

आता संस्था. "तुमच्याकडे किती विमानं?" हा प्रश्न पुरेसा नाही, कारण हँगरमधली मोडकीही मोजून सांगतात. आज किती उडण्याजोगी आहेत, हे विचार. प्रशिक्षण विमानाला साधारण दर ५० तासांनी तेलबदल आणि दर १०० तासांनी तपासणी लागते. चारातलं एक कायम बाहेर धर. मग हा भागाकार कर : गेल्या १२ महिन्यांत विद्यार्थ्यांनी मिळून उडवलेले तास, भागिले विद्यार्थी, भागिले १२. एक विमान रोज ५ तास, महिन्यात २० दिवस उडलं तर १०० तास होतात. त्यावर २० विद्यार्थी असतील तर दरडोई ५. या गतीनं २०० तासांना ४० महिने. दरडोई १५ मिळत असतील तर १४ महिन्यांत आटोपतं. लांबलेलं प्रशिक्षण नुसता वेळ खात नाही. तीन आठवडे हात सुटला की मागचा धडा पुन्हा गिरवावा लागतो आणि तो तास तुझ्याच खिशातून जातो. हे आकडे दाखवायला संस्था कां-कूं करत असेल तर उत्तर मिळालंच. आजच्या विद्यार्थ्यांशी प्रशिक्षक जवळ नसताना बोल.

पैसे उडालेल्या तासांच्या मागोमाग द्यायचे, पुढे कधीच नाही. प्रशिक्षण संस्था मध्येच बंद पडल्याची उदाहरणं जगभर आहेत आणि एकरकमी भरणारे तेव्हा घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे राहतात. मोठी सवलत आणि जवळची तारीख एकत्र आली की समजावं, पैशाची निकड त्यांना आहे. हप्ता दहा-वीस तासांपुरता ठेव. इंधनवाढ, उतरण्याचं शुल्क, परीक्षकाची फी, ठरलेल्याहून जास्त तास लागले तर दर, आणि मध्येच सोडलं तर परतावा, हे सगळं लेखी घे. जास्त तास लागतात हे धरूनच चाल. किमान आकड्यात परवाना मिळवणारे थोडे. पहिल्यांदा उतरणं जमत नाही ते पुष्कळदा एकाच कारणानं : शेवटच्या क्षणी नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळते, जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि हात जास्त मागे ओढतो. विमान फुगून वर उठतं, मग आदळतं. नजर धावपट्टीच्या पार टोकाला ठेवली की उंचीचा अंदाज आपोआप येतो.

परवाना हाती आला म्हणजे नोकरी आली, असं नाही, हेही ऐकून ठेव. त्यापुढे दोन इंजिनांचं आणि उपकरणांवर उडण्याचं रेटिंग (परवान्यावरची जादा पात्रता), मग ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग, मग प्रवाशांसह अनुभवी कॅप्टनच्या देखरेखीखाली उड्डाणं. कप्तानीसाठी लागणाऱ्या परवान्याला १,५०० तास आणि वय २१. नोकरभरती लाटांनी येते. २०२० मध्ये जगभर वैमानिक घरी बसले होते, पुढे दोन-तीन वर्षांत तुटवड्याच्या बातम्या आल्या. नोकरी मिळाल्याशिवाय टाइप रेटिंगवर स्वतःचा पैसा घालू नकोस. आणि चालू असलेलं शिक्षण पूर्ण कर. तुझं गणित-भौतिकशास्त्र तिथे वाया जात नाही. मार्गापासून एक अंश चुकलीस तर ६० मैलांवर एक मैल बाजूला असशील. धावपट्टीला ३० अंशांतून २० नॉटचा (तासाला २० सागरी मैलांचा) वारा असेल तर आडवा वारा १० नॉट. असली गणितं कागदाशिवाय, कोणी रेडिओवर बोलत असताना, करता यायला हवीत. हा सराव आजपासून फुकटात होतो.

पुढच्या प्रवासात पंखाजवळची खिडकी घे आणि डोळे उघडे ठेव. बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत खुर्च्यांच्या रांगा मोज. धूर झाला तर हातानं चाचपत तेवढ्याच रांगा जायचं असतं. उड्डाणाला आणि उतरताना खिडकीचं झाकण वर ठेवायला सांगतात ते बाहेर आग आहे का हे दिसावं म्हणून. विमान रिकामं करायची वेळ आली तर पिशवी सोडून द्यायची, लॅपटॉपसकट. मास्क खाली आला तर आधी स्वतःचा. ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर शुद्ध अर्धा ते एक मिनिट टिकते. मास्क ओढला की प्राणवायू सुरू होतो, पिशवी फुगली नाही तरी.

आणि आईचे कान. केबिनमधली हवा वर असताना साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. उतरताना दाब वाढतो. कान आणि घसा जोडणारी नळी आतली हवा बाहेर सहज सोडते, पण बाहेरची आत घेताना चिकटून बसते, म्हणून चढताना काही होत नाही आणि उतरताना कळा येतात. चूक होते ती उपाय उशिरा करण्यात : दुखायला लागल्यावर नळी आधीच आवळलेली असते. टेकायच्या अर्धा तास आधी, उतरायला सुरुवात झाल्याची घोषणा होताच किंवा इंजिनांचा आवाज मंदावताच, चघळायला आणि वारंवार गिळायला सुरुवात करायची. तेवढ्यानं भागलं नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हलकेच फुंकर. जोर लावायचा नाही. दर एक-दोन मिनिटांनी, टेकेपर्यंत. त्या अर्ध्या तासात झोपायचं नाही, झोपेत गिळणं कमी होतं. सर्दीनं नाक पूर्ण बंद असेल तर शक्यतो प्रवास पुढे ढकलावा. जावंच लागलं तर उतरायच्या अर्धा तास आधी मारायचा नाकातला फवारा डॉक्टरांना विचारून जवळ ठेवावा, रक्तदाब असेल तर विचारल्याशिवाय नाहीच. उतरल्यावर दोन दिवसांत कान मोकळा झाला नाही, ऐकू कमी येतंय किंवा पाणी येतंय असं वाटलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे.